चुन्याचा कण आणि मेंदूचा निरोप

कॅल्शियम म्हटलें कीं आपल्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें हाडें आणि दांत उभे राहतात, आणि तें योग्यच आहे. ज्या मूलद्रव्यापासून चुना बनतो तेंच हें मूलद्रव्य. प्रौढ मनुष्याच्या शरीरांत तें सुमारें 1 किलोग्रॅम असतें व त्यापैकीं शेंकडा 99 भाग हाडांत आणि दांतांत सांठविलेला असतो. उरलेला जो शंभरावा भाग, तो रक्तांत, मांसांत आणि पेशींभोवतींच्या द्रवांत असतो. हा भाग दिसावयास अल्प खरा, परंतु त्याचें काम इतकें नाजूक आहे कीं त्यांत थोडीशी उणीव आली तर हाडें जागच्या जागीं शाबूत असूनही प्राण संकटांत पडतो. बोट हलविणें, घांस गिळणें, ऐकलेला धडा ध्यानांत ठेवणें, या प्रत्येक क्रियेंत त्या शंभराव्या भागाचा हात आहे. तो कसा काम करतो, आणि त्या कामांत बिघाड झाल्यास आपल्या महाराष्ट्रांतील गोठ्यांत, शेतांत व घरांत कोणते प्रसंग ओढवतात, हें या लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम मेंदूची रचना थोडक्यांत पाहूं. मेंदू हा एकजिनसी गोळा नसून असंख्य पेशींचा समुदाय आहे. 2009 सालीं प्रसिद्ध झालेल्या मोजणीप्रमाणें मनुष्याच्या मेंदूंत सुमारें 8,600 कोटि मज्जापेशी आहेत. प्रत्येक पेशीपासून एक तंतु निघतो व त्याच्या शाखा दुसऱ्या पेशींपर्यंत जाऊन पोहोंचतात. पोहोंचतात असें आम्हीं म्हटलें खरें, परंतु बहुतेक ठिकाणीं त्या दुसऱ्या पेशीला चिकटत मात्र नाहींत. दोहोंमध्यें एक अतिसूक्ष्म फट राहते. एका मिलिमीटरचे पन्नास हजार भाग केले तर त्यांतील एका भागाएवढी ही फट असते. या सांध्याला सिनॅप्स असें म्हणतात. हें नांव इंग्लंडांतील शास्त्रज्ञ शेरिंग्टन यांनीं 1897 सालीं प्रचारांत आणलें.

आतां, पेशीच्या तंतूंतून जाणारा निरोप हा विद्युत्-स्वरूपाचा असतो. तो तंतूच्या टोकापर्यंत धांवत येतो आणि तेथें फट लागते. समजा, नाशिकरोडहून सुटलेली आगगाडी एका नदीच्या कांठीं आली आणि पुढें पूल नाहीं. अशा वेळीं गाडी तेथेंच उभी राहील, उतारूंना होड्यांतून पैलतीरीं जावें लागेल, आणि तिकडे दुसरी गाडी त्यांना घेऊन पुढें निघेल. मज्जासंस्थेंत असेंच घडतें. तंतूच्या टोकांत सूक्ष्म पिशव्या तयार ठेवलेल्या असतात व प्रत्येक पिशवींत एका विशिष्ट रासायनिक द्रव्याचे कांहीं हजार रेणू भरलेले असतात. विद्युत्-निरोप आला म्हणजे कांहीं पिशव्या तंतूच्या भिंतीला मिळून बाहेरच्या बाजूला उघडतात, त्यांतील द्रव्य फटींत सांडतें, पलीकडच्या पेशीवरील ग्राहकांना जाऊन लागतें आणि तेथें नवा निरोप उत्पन्न होतो किंवा चालू असलेला निरोप दबतो. या द्रव्यांना आम्ही निरोप्या द्रव्यें म्हणूं.

निरोप रासायनिक द्रव्यानें पलीकडे जातो, ही गोष्ट ऑटो लोवी यांनीं 1921 सालीं ऑस्ट्रियांतील ग्राट्झ येथें दाखविली. त्यांनीं बेडकाचें एक हृदय द्रवांत चालू ठेवून त्याची गति मंद करणारा मज्जातंतु उत्तेजित केला. तें हृदय मंदावलें. नंतर त्या हृदयाभोवतींचा द्रव घेऊन त्यांनीं दुसऱ्या हृदयावर सोडला, तेव्हां ज्याच्या मज्जातंतूला स्पर्शही केला नव्हता असें तें दुसरें हृदयसुद्धां मंदावलें. अर्थात् पहिल्या हृदयांतील तंतूनें कांहींतरी द्रव्य सोडलें होतें, हें उघड झालें. या कामाबद्दल लोवी व इंग्लंडांतील हेन्री डेल यांना 1936 चें नोबेल पारितोषिक मिळालें.

परंतु येथें एक मोठा प्रश्न उभा राहतो. पिशव्या तर सदैव भरून तयार आहेत. मग त्या भलत्याच वेळीं न उघडतां नेमका निरोप आला म्हणजेच कां उघडतात? त्यांना हुकूम कोण देतो? या प्रश्नाचें उत्तर म्हणजेच आपलें कॅल्शियम होय.

तें सांपडलें कसें, ही हकीकत मनोरंजक आहे. लंडनमध्यें सिडनी रिंगर नांवाचे वैद्य बेडकाचें हृदय मिठाच्या पाण्यांत किती वेळ चालतें हें पाहत होते. एका प्रयोगांत तें फार वेळ चाललें. चौकशी करतां असें आढळलें कीं, तें पाणी ऊर्ध्वपातित नव्हतें, साधें नळाचें होतें, आणि नळाच्या पाण्यांत थोडा चुन्याचा अंश होता. शुद्ध पाणी वापरतांच हृदय बंद पडूं लागलें. 1883 सालीं रिंगर यांनीं हें प्रसिद्ध केलें. पुढें 1894 मध्यें लॉक यांनीं दाखविलें कीं, द्रवांतून कॅल्शियम काढून घेतलें तर मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत पोहोंचतच नाहीं.

तरीही कॅल्शियम नेमकें कोणत्या क्षणीं लागतें हें कळावयास बराच काळ जावा लागला. तें काम मुख्यतः बर्नार्ड काट्झ यांचें. हे 1911 सालीं जर्मनींत लाइपझिग येथें जन्मले. ज्यू असल्यामुळें 1935 मध्यें त्यांना मायदेश सोडून लंडनला यावें लागलें. तेथें त्यांनीं प्रथम हें सिद्ध केलें कीं, निरोप्या द्रव्य थेंबाथेंबानें झिरपत नाहीं, तर ठराविक मापाच्या पुड्यांनीं सुटतें. नंतर 1967 सालीं त्यांनीं व रिकार्डो मिलेडी यांनीं बेडकाच्या स्नायूवर एक सुरेख प्रयोग केला. सभोंवतालच्या द्रवांतून कॅल्शियम काढून टाकलें, आणि अतिशय बारीक कांचनळीनें तंतूच्या टोकाशींच त्याचा किंचित् अंश ठरलेल्या क्षणीं सोडला. उत्तेजनाच्या अगदीं आधीं तो सोडला तर निरोप पलीकडे गेला. उत्तेजनानंतर सोडला तर गेला नाहीं. म्हणजे निरोप येण्याच्या घटकेस कॅल्शियम दाराशीं हजर असलें पाहिजे. उशीरा येऊन त्याचा उपयोग नाहीं. काट्झ यांना 1970 च्या नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला.

ही क्रिया कशी घडते हें आतां पुष्कळ तपशीलानें समजलें आहे. पावसाळ्याअखेर दारणा धरणाच्या दरवाजाशीं उभें राहिलें असतां एका बाजूला पाण्याचा अफाट सांठा व दुसऱ्या बाजूला जवळजवळ कोरडें पात्र दिसतें. मज्जातंतूच्या टोकाची स्थिति अशीच आहे. पेशीच्या बाहेर जितकें मोकळें कॅल्शियम असतें, त्याच्या सुमारें दहा हजाराव्या भागाइतकेंच आंत असतें. भिंतीमध्यें प्रथिनांचीं बनलेलीं सूक्ष्म दारें असतात आणि तीं एरवीं बंद असतात. विद्युत्-निरोप टोकाशीं आला म्हणजे त्याच्या दाबानें तीं दारें क्षणभर उघडतात व बाहेरचें कॅल्शियम वेगानें आंत शिरतें. भरलेल्या पिशव्या या दारांच्या अगदीं शेजारींच बांधून ठेवलेल्या असतात. पिशवीवरील आणि भिंतीवरील प्रथिनांच्या दोऱ्या एकमेकींत गुंफलेल्या असतात. तो पीळ पूर्ण आवळला गेला कीं पिशवी भिंतीला मिळते. परंतु त्यावर सिनॅप्टोटॅग्मिन नांवाचें एक प्रथिन पहारा करीत असतें. कॅल्शियमचे कण त्याला येऊन चिकटले कीं तें आपली जागा बदलतें, पीळ आवळतो आणि पिशवी उघडते. जलद सांध्यांत कॅल्शियम शिरल्यापासून पलीकडे परिणाम दिसेपर्यंत सेकंदाचा पांच हजारावा भागही पुरतो. मग दारें मिटतात, आंत आलेलें कॅल्शियम बाहेर काढलें जातें, आणि पहारेकरी पुन्हां पूर्ववत् उभा राहतो. या पहारेकरी प्रथिनाचा उलगडा टोमास झ्यूडहोफ यांनीं केला व 2013 सालीं रॉथमन आणि शेकमन यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें.

यांत एक गणित आहे, तें वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें. एकट्या कणानें दार उघडत नाहीं. अनेक कण एकदम यावे लागतात. म्हणून कॅल्शियम व निरोप्या द्रव्य यांचें प्रमाण सरळ नसतें. डॉज व राहामिमॉफ यांनीं 1967 मध्यें दाखविलें कीं, कॅल्शियमचें प्रमाण अल्प असतांना सुटणारें द्रव्य त्याच्या सुमारें चतुर्थ घाताप्रमाणें वाढतें. म्हणजे कॅल्शियम दुप्पट झालें तर द्रव्य सुमारें सोळापट सुटतें, आणि तें निम्में झालें तर द्रव्य सोळाव्या हिश्शावर येतें. थोडक्या उणिवेनें एवढा मोठा अनर्थ कां होतो, त्याचें कारण या गणितांत आहे.

हा अनर्थ आपल्या जिल्ह्यांतील पुष्कळ शेतकऱ्यांनीं डोळ्यांनीं पाहिलेला आहे, मात्र त्याचा संबंध मज्जातंतूंशीं आहे हें त्यांपैकीं थोड्यांनाच ठाऊक असेल. 1967 सालीं मणिभाई देसाई यांनीं पुण्याजवळ उरुळीकांचन येथें ‘बायफ’ ही संस्था काढली व तेव्हांपासून विलायती वळूंच्या रक्ताच्या संकरित गाई महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पसरल्या. त्या दूध भरपूर देतात. पण व्याल्यानंतरच्या पहिल्या दोनतीन दिवसांत चिकासाठीं व दुधासाठीं रक्तांतील कॅल्शियम एकाएकीं खेंचलें जातें, आणि हाडांतील सांठा तितक्या लवकर मोकळा होत नाहीं. अशा वेळीं चांगली दुधाळ गाय प्रथम थरथरते, मग अडखळते, मग बसते ती उठत नाहीं. तिचे कान व पाय थंड पडतात आणि मान वळून कुशीवर टेकते. या रोगाला दुग्धज्वर असें नांव असलें तरी त्यांत ज्वर मुळींच नसतो. गाईचा मेंदू हुकूम सोडीत असतो, तो तंतूंतून खालीं येतही असतो, परंतु स्नायूजवळच्या सांध्यांत पिशव्या पुरेशा उघडत नाहींत आणि हुकूम तेथेंच अडतो. स्नायूच्या आकुंचनालाही कॅल्शियम लागतें, म्हणून दुहेरी अडचण होते.

पशुवैद्य येऊन कॅल्शियमच्या क्षाराची बाटली शिरेंतून सावकाश देतात, आणि जी गाय मेली असें समजून घरांत रडारड चालू होती ती पुष्कळदां तास दोन तासांत उठून वासराला चाटूं लागते. यांत जादू नाहीं. सांध्यावरचा पहारेकरी ज्याची वाट पाहत होता तें त्याला मिळालें, इतकेंच. परंतु ही बाटली घरच्या घरीं लावण्याचें धाडस कोणीं करूं नये. हृदयाची गतिही कॅल्शियमवरच अवलंबून असल्यामुळें, तें घाईनें शिरेंत गेलें तर हृदय बंद पडून गाय दगावते. पशुवैद्य एका हातानें बाटली धरून दुसऱ्या हातानें गाईच्या छातीला नळी कां लावतात, तें यावरून समजेल.

गाईच्या रोगांत दारें पुरेशीं उपयोगीं पडत नाहींत. याच्या उलट प्रकार म्हणजे दारें मिटावयास विसरतात, आणि त्याचें उदाहरणही आपल्याच प्रांतांतील आहे. तें म्हणजे तांबड्या विंचवाचा दंश. कोंकणांत व पश्चिम महाराष्ट्रांत आढळणाऱ्या या विंचवाच्या विषांत अशीं प्रथिनें आहेत कीं, तीं मज्जातंतूचा विद्युत्-निरोप वेळेवर संपूं देत नाहींत. निरोप लांबला म्हणजे कॅल्शियमचीं दारें पुनःपुन्हां उघडतात. मग हृदय व रक्तवाहिन्या यांना चेतविणारें निरोप्या द्रव्य पुरासारखें सुटतें. रोग्याला दरदरून घाम येतो, वांति होते, हातपाय बर्फासारखे गार पडतात, रक्तदाब फार चढतो, आणि शेवटीं थकलेलें हृदय रक्त पुढें ढकलूं न शकल्यामुळें फुफ्फुसांत पाणी भरतें. लहान मुलांना हा धोका विशेष असतो.

महाड येथील डॉ. हिंमतराव बावसकर यांनीं रायगड जिल्ह्यांतील ग्रामीण भागांत राहून या दंशाचा वर्षानुवर्षें अभ्यास केला. कोणतीं लक्षणें दिसल्यास रोग्याच्या हृदयाला धोका आहे असें समजावें, हें त्यांनीं 1982 सालीं ‘लॅन्सेट’ या इंग्लंडांतील वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध केलें. 1986 मध्यें त्याच पत्रांत त्यांनीं प्राझोसिन या औषधाचा उपयोग सांगितला. हें औषध पिशव्या उघडण्याचें थांबवीत नाहीं. तें पलीकडच्या तीरावरील ग्राहक झांकतें, त्यामुळें पूर आला तरी घरें वाहून जात नाहींत. पुढें 2011 सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 70 रोग्यांवरील चांचणींत, प्राझोसिनबरोबर विंचवाच्या विषावरील प्रतिविषही दिल्यास रोगी एकट्या प्राझोसिनपेक्षां लवकर बरा होतो असें दिसून आलें. 2022 सालीं भारत सरकारनें डॉ. बावसकर यांना पद्मश्री दिली. एका लहान गांवांत थोड्या साधनांनिशीं बसून जगाला उपयोगी पडणारें ज्ञान मिळवितां येतें, हा धडा आमच्या विद्यार्थ्यांनीं त्यांच्या चरित्रावरून घ्यावा.

पालकांनीं यांतून घ्यावयाचा धडा निराळा आहे. विंचू चावल्यावर मंत्र घालण्यांत, दंशाची जागा कापण्यांत किंवा पाला बांधण्यांत जी घटका जाते, तेवढ्यांत ते विष दारें धरून बसलेलें असतें. विंचू चावलेल्या मुलाला घाम, वांति किंवा गार हातपाय यांपैकीं कांहींही दिसलें तर क्षणाचाही विलंब न लावतां इस्पितळ गांठावें. रात्रीं अंथरूण व सकाळीं पायताण झाडून घेण्याची जी संवय आपल्या वडिलांनीं लावली, ती मुलांनीं टाकूं नये.

याच विंचवाच्या विषांत शास्त्रज्ञांना एक अनपेक्षित देणगीही सांपडली. 1990 सालीं त्यांतून 37 घटकांची मालिका असलेलें इबेरिओटॉक्सिन नांवाचें एक छोटें प्रथिन वेगळें काढण्यांत आलें. मज्जातंतूच्या टोकाशीं कॅल्शियमच्या दारांशेजारीं दुसऱ्या प्रकारचीं दारें असतात. आंत आलेलें कॅल्शियमच तीं उघडतें, त्यांतून पोटॅशियम बाहेर जातें, निरोप आटोपतो, आणि कॅल्शियमचीं दारें मिटतात. म्हणजे आंत येणारा पाहुणाच आपल्या पाठीमागें दार लावून घेतो. इबेरिओटॉक्सिन नेमकें या दुसऱ्या दारांना बंद करतें, त्यामुळें त्यांचें काम काय आहे हें पाहण्यासाठीं देशोदेशींच्या प्रयोगशाळांत तें वापरलें जातें. जें आमच्या शेतकऱ्याचा काळ तेंच शास्त्रज्ञाचें हत्यार झालें.

दारांप्रमाणें पिशवीच्या दोऱ्यांतही बिघाड होऊं शकतो, आणि तो म्हणजे धनुर्वात. गंजलेला खिळा, मातीनें भरलेली जखम यांतून शिरलेल्या जंतूंचें विष पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूपर्यंत जातें, व तेथें स्नायूंना शांत ठेवणाऱ्या पेशींच्या टोकांतील पिशवीची दोरीच कापून टाकतें. ही गोष्ट 1992 सालीं उघडकीस आली. मग कॅल्शियम वेळेवर आलें तरी पिशवी उघडत नाहीं, शांत राहण्याचा निरोप जात नाहीं, आणि सर्व स्नायु एकदम ताठून शरीर धनुष्यासारखें वांकतें. लसीच्या प्रसारामुळें मातांमधील व नवजात बालकांमधील धनुर्वाताचें उच्चाटन झाल्याचें 2015 सालीं भारतांत जाहीर झालें, परंतु जंतु मातींतून गेलेले नाहींत. दहाव्या व सोळाव्या वर्षीं मुलांना टोंचून घ्यावयाची जी लस सरकारी कार्यक्रमांत आहे, ती आमच्या शाळेंतील मुलांच्याच वयाची आहे. ती राहून गेली असल्यास पालकांनीं आजच चौकशी करावी.

आतां खुद्द मेंदूकडे वळूं. स्नायूवरील सांध्यांत प्रत्येक निरोपाला पुष्कळ पिशव्या उघडतात, म्हणून हात उचलावा असें मनांत आलें कीं तो उचललाच जातो. मेंदूंतील सांध्यांची रीत याहून वेगळी आहे. तेथें एका निरोपाला बहुधा एखादी पिशवी उघडते आणि पुष्कळदां एकही उघडत नाहीं. निरोप पुढें जाईल कीं नाहीं, ही शक्यता आंत किती कॅल्शियम शिरलें यावर कमी-अधिक होते. एका निरोपामागोमाग लगेच दुसरा आला तर पहिल्या वेळचें थोडें कॅल्शियम आंत शिल्लक असतें, त्यांत नव्याची भर पडते, आणि दुसऱ्या वेळीं पिशवी उघडण्याचा संभव अधिक होतो. याचा परिणाम थोडाच वेळ टिकतो. परंतु 1973 सालीं ब्लिस व लोमो यांनीं सशाच्या मेंदूवरील प्रयोगांवरून असेंही प्रसिद्ध केलें कीं, सांध्यांतून निरोपांचा वेगवान मारा केला तर तो सांधा पुढें कित्येक तास अधिक जोरदार राहतो. या टिकाऊ बदलाची सुरुवात निरोप घेणाऱ्या पेशींत शिरलेल्या कॅल्शियमनेंच होते, हें नंतर कळलें. स्मरणशक्तीचें सर्व रहस्य एवढ्यानें उलगडलें असें नव्हे. तथापि शिकलेलें पुनःपुन्हां वाचावें, असें शिक्षक ज्या वेळीं सांगतात त्या वेळीं ते केवळ जुनी रूढी सांगत नाहींत, एवढें विद्यार्थ्यांनीं मानावें.

हेच निरोप मेंदूंत आवरेनासे झाले आणि पेशींचे समूह एकदम उसळूं लागले म्हणजे फेंफरें येतें. आपल्याकडे अशा मुलाला चप्पल किंवा कांदा हुंगविण्याची चाल आहे, आणि पुष्कळदां झटका थोड्या वेळांत आपोआप थांबत असल्यामुळें कांद्याला उगीच यश मिळतें. हा रोग भुताटकीचा नाहीं व लाजेचाही नाहीं. त्यावरील लेव्हेटिरासिटाम नांवाचें औषध मज्जातंतूच्या टोकांतील पिशवीवर असलेल्या एका प्रथिनालाच जाऊन चिकटतें, असें 2004 मध्यें सिद्ध झालें. म्हणजे ज्या पिशव्यांविषयीं आम्ही एवढा वेळ बोलत आहों, त्यांच्याच पातळीवर हें औषध काम करतें. झटका आलेल्या मुलाला कुशीवर निजवावें, तोंडांत कांहीं घालूं नये, आणि पांच मिनिटांत झटका थांबला नाहीं तर इस्पितळांत न्यावें. औषध चालू असतां तें आपल्या मनानें बंद करूं नये. अशीं मुलें योग्य उपचारानें इतरांप्रमाणें शिकतात. त्यांच्या शेजारीं बसण्यास वर्गांतील कोणींही कचरूं नये.

हें सर्व वाचून एखाद्या पालकाच्या मनांत येईल कीं, मुलाला कॅल्शियमच्या गोळ्या चारल्या तर त्याची बुद्धि तीव्र होईल. असें होत नाहीं. गळ्यांतील चार लहान ग्रंथि रक्तांतील कॅल्शियमवर अहोरात्र नजर ठेवतात. तें थोडें उतरलें तर त्या हाडांतून काढवितात, आणि चढलें तर आपला स्राव आंखडता घेतात. निरोगी मुलाच्या मेंदूभोवतालचें प्रमाण त्यामुळें जवळजवळ स्थिर राहतें. मुलांना दूध, नाचणी, हिरव्या पालेभाज्या आणि सकाळचें ऊन मिळावें, इतकें पुरे आहे. गोळ्या द्यावयाच्या कीं नाहीं, तें डॉक्टरांनीं ठरवावें. मनुष्याच्या रक्तांतील कॅल्शियम फार उतरलें तर गाईप्रमाणें अंग सैल पडण्याऐवजीं हातापायांना वांब येतात, कारण तंतूची भिंत स्थिर ठेवण्याचें दुसरें कामही कॅल्शियमकडेच आहे. यावरून घरगुती तर्कानें औषध देणें किती धोक्याचें आहे, तें दिसून येईल.

विद्यार्थिमित्रहो, भिंतीला फांसण्याचा चुना आपण रोज पाहतों आणि त्याची किंमत आपल्याला वाटत नाहीं. त्याच चुन्यांतील द्रव्याचा एक अल्प अंश सृष्टिकर्त्यानें आपल्या मेंदूच्या दाराशीं ठेविला आहे, त्याला आंत येण्याची वेळ नेमून दिली आहे, आणि काम होतांच बाहेर जाण्याची व्यवस्थाही केली आहे. वेळेवर येणें व काम संपतांच जागा सोडणें, या दोन्ही गोष्टींवर त्याचें सर्व महत्त्व अवलंबून आहे. तो न आल्यास गाय उठत नाहीं, आणि तो अधिक रेंगाळल्यास विंचवाच्या दंशानें बळकट मनुष्य आडवा होतो. ही व्यवस्था ज्यांनीं प्रयोग करून उलगडली, त्यांपैकीं कोणी देशोधडीस लागलेले होते, तर कोणी खेड्यांतील दवाखान्यांत बसलेले होते. अद्याप उलगडावयाचें पुष्कळ आहे, आणि तें काम आमच्या शाळेंतील मुलामुलींपैकीं कोणीतरी पुढें चालवावें, अशी आमची इच्छा व प्रार्थना आहे.